बेटावरचे ठाणे

ठाणे हे बेटावर वसलेले शहर आहे असे सांगितले की आमच्या सोसायटीतील तरुण मंडळी हसतात. त्यांचेही खरेच आहे. घोडबंदर रोडवर राहून रोज हायवेने मुंबई गाठणाऱ्या माणसाला वाटेत कुठे पाणी ओलांडल्याचे जाणवतच नाही. पण उत्तरेला वसईची खाडी, ईशान्येला उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला समुद्र यांच्यामध्ये जी भूमी आहे तिचे नाव साष्टी बेट, आणि ठाणे त्याच्या पूर्व काठावर, खाडी जिथे सर्वांत अरुंद होते तिथे उभे आहे. दक्षिणेकडची मुंबई तर दुसरेच बेट होती. 1803 मध्ये शीवचा आणि 1845 मध्ये माहीमचा बंधारा झाल्यावर ती साष्टीला बांधली गेली.

बेट कोणाच्या ताब्यात, हे ठाण्याच्या किल्ल्यावरून ठरत असे. पोर्तुगिजांनी 1730 च्या सुमारास बांधायला घेतलेला हा किल्ला 1737 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला. पुढे त्याचाच तुरुंग झाला. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 मध्ये येथूनच निसटले, आणि नाशिकच्या जॅक्सन वधातले क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 रोजी येथेच फाशी दिले गेले. आजही ते मध्यवर्ती कारागृहच आहे, त्यामुळे ठाणेकराला आपल्या शहराचा किल्ला बाहेरून पाहूनच समाधान मानावे लागते.

16 एप्रिल 1853 ची पहिली रेल्वे आपण अभिमानाने सांगतो: बोरीबंदर ते ठाणे, 34 किलोमीटर, 14 डबे, 400 च्या आसपास निमंत्रित. गाडी ठाण्यालाच का थांबली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. माझ्या मते उत्तर नकाशातच आहे. पुढे खाडी होती, बेट संपत होते. खाडीवर पूल झाला तेव्हा, 1854 मध्ये, गाडी कल्याणला पोहोचली.

माझे बालपण ठाणे पूर्वेला, चेंदणी कोळीवाड्यात गेले. आजीचे माहेर पलीकडच्या तीरावर, ऐरोलीजवळच्या दिव्याचे. तिच्या लहानपणी तिकडची माणसे बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला होडीने ठाण्यात येत, आणि येण्या-जाण्याची वेळ घड्याळ नव्हे तर भरती ठरवत असे. घरात कोणी बाहेर निघाले की आजीचा प्रश्न ठरलेला: “आज तिथ कंची?” हिशेब सोपा होता. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा तीच वेळ आणि रात्रीही जवळपास तीच. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते, त्यामुळे तोंडी हिशेबाला हे गणित पुरेसे जुळते. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, त्याला भांग म्हणतात; अमावास्या-पौर्णिमेला उधाण.

ओहोटीला आजी चिखलात उतरत असे. निवट्यांची, म्हणजे चिखलात राहणाऱ्या माशांची, बिळे तिला दुरून कळत. कोपरापर्यंत हात आत घालून ती निवटी अशी बाहेर काढी की आम्हां मुलांना चिखलात काही हलल्याचेही दिसत नसे. घरी आल्यावर निवट्या राखेत घोळवायच्या, म्हणजे बुळबुळीतपणा जातो, मग कैरी घालून कालवण. त्या वेळी खाडीत बोय, कोलंबी, चिंबोरी भरपूर मिळे. कोपरीपासून मुलुंडकडे जाताना मिठागरे लागत. उधाणाचे पाणी बांधातल्या दारातून आत घ्यायचे, एका कप्प्यातून दुसऱ्यात खेळवत उन्हात आटवायचे आणि शेवटच्या कप्प्यात मीठ धरले की ओढून राशी घालायच्या, असे ते काम उन्हाळाभर चाले. पावसाआधी त्या राशी पेंढ्याने शाकारल्या जात. मिठागरात राबणाऱ्या माणसांच्या पायांच्या भेगा मला अजून आठवतात. त्या कामाची हळहळ बाळगावी असे मला वाटत नाही.

मग पूल वाढत गेले. कळव्याचा जुना दगडी पूल होताच. 1960 च्या दशकात वागळे इस्टेट आणि पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला. 1992 मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल गेली, दशक संपता संपता मुलुंड-ऐरोली पूल आला आणि 2004 मध्ये ठाण्याहून वाशीला गाडी सुटू लागली. आजीला माहेरी जायला लागणारी अर्धी भरती आता त्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या मोजक्या मिनिटांवर आली. या सोयीचा मी रोजचा लाभार्थी आहे, तेव्हा पुलांना नावे ठेवण्याचा आव मी आणणार नाही. पण कारखान्यांचे सांडपाणी आणि शहरांचा मैला खाडीत गेला, गाळ चढला, तिवरांनी उथळ पात्र व्यापले आणि कोळ्यांच्या होड्या हळूहळू काठाला लागल्या, याची नोंद पुलांच्या उद्घाटनांबरोबर कोणी ठेवली नाही. 1990 च्या दशकात त्याच गाळावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी उतरू लागले. 2015 मध्ये खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. चांगलेच झाले, खाडीवरच पोट असलेल्या माणसांचा विचार इतक्या अगत्याने कधी झाला असता, तर अधिक चांगले झाले असते.

बेटाची आठवण आता पावसाळाच करून देतो. मोठा पाऊस आणि उधाण एका वेळी आले की नाल्यांचे पाणी खाडी घेत नाही, उलट खाडीच नाल्यांत शिरते. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर प्रसिद्ध होते आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरते. मी त्या तारखांपुढे तिथी लिहून पाठवतो. जवळजवळ सगळ्या अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढेच निघतात. पूर्वी हसणारी तीच मंडळी हल्ली तळघरातल्या गाड्या कधी वर काढायच्या ते विचारायला माझ्याकडे येतात.