अठ्ठेचाळीस युनिट कमी

घरगुती वीजवापराची तपासणी करायला मला बोलावतात ते बहुतेक वेळा बिल अंदाजापेक्षा जास्त आले म्हणून. इंदूरच्या लोकमान्यनगरातील या घरी मात्र बिल अंदाजापेक्षा कमी आले होते, आणि ते प्रकरण मिटले असे म्हणायला माझे मन अजून तयार नाही.

घर फार विचारपूर्वक बांधलेले आहे. विटा काठावर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवलेल्या रॅट-ट्रॅप पद्धतीच्या भिंती, गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा, म्हणजे फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर, जिना आणि न्हाणीघर पश्चिमेला, त्यामुळे दुपारचे ऊन झोपायच्या खोल्यांपर्यंत पोहोचत नाही. माळव्यात उन्हाळ्यात दिवसाचा पारा चाळिशीपार गेला तरी रात्री हवा चांगली उतरते. घरमालक काका रोज रात्री सगळ्या खिडक्या उघडतात आणि ऊन चढायच्या आत बंद करून तो गारवा भिंतींत धरून ठेवतात. घरात ए.सी. नाही, पाणी तापवायला सौर हीटर आहे आणि पंखे सगळे बी.एल.डी.सी., म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे आहेत. साधा पंखा पूर्ण वेगावर ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा तीसच्या आसपास. चांगले घर बांधून नंतर ते कसे वापरायचे याची फिकीर न करणारे पुष्कळ पाहिले आहेत. काका त्यांतले नव्हेत.

त्यांचे लक्ष्य महिन्याला १५० युनिटचे होते. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत १५० युनिटपर्यंत वापर असणाऱ्यांना पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. १५१ वे युनिट जळले की त्या महिन्याची सवलत सगळीच जाते. काकांचे घर १३५ वर स्थिरावले होते. देवघराशेजारच्या भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर काका रोज सकाळी मीटर पाहून आदल्या दिवसाची युनिटे लिहीत, आणि पाच युनिटांवर लाल पेन्सिलीची रेघ होती.

मग काकांच्या आईंच्या फुप्फुसांचा आजार वाढला आणि घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारे विजेचे यंत्र आले. डॉक्टरांनी दिवसातून १६ तास सांगितले होते, रात्रीची संपूर्ण झोप त्यात धरून. काकांनी मला स्पष्ट सांगितले, "आईच्या मशीनला हात लावायचा नाही. बाकी कुठे कपात होते ते बघा."

मी हिशेब मांडला. यंत्र ३५० वॅटचे, १६ तासांचे ५.६ युनिट, महिन्याचे १६८. म्हणजे घरातले बाकी सगळे बंद ठेवले तरी एकट्या यंत्राने १५० ची मर्यादा ओलांडली असती. वीजदरांचे टप्पे ठरवणाऱ्यांना युनिट दिसते, ते कशासाठी जळले हे दिसत नाही. पूर्वीचे १३५ मिळवून अंदाज ३०३ युनिटांचा झाला. बिल आले होते २५५ चे.

काका सुखावले. मला ते पटेना. वॅट आणि तास यांचा गुणाकार करून तक्ता हातात ठेवणारे आणि प्रत्यक्ष मीटरशी कधीच ताडून न पाहणारे सल्लागार आमच्या व्यवसायात वाढले आहेत. त्यांच्या लेखी आकडा कमी आला की काम फत्ते. पण ज्या घराचा वापर महिनोन्महिने १३५ वर ठाम आहे, तिथे ४८ युनिटांची तूट आपोआप पडत नाही.

आधी घराची बाजू तपासली. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेले असते. इथे ३२०० होते. अशा मीटरवर दोन लुकलुकींमधील सेकंदांनी ११२५ ला भागले की त्या क्षणी चालू असलेले वॅट मिळतात. आजींची यंत्राची वेळ नसताना फ्रिजसकट सगळे बंद करवले आणि घड्याळ लावून बसलो. दिवा ५० सेकंदांनी लुकलुके, म्हणजे साधारण २२ वॅट: राउटर आणि सेट-टॉप बॉक्स. एकेक उपकरण चालू करत गेलो. कुठेच तफावत नाही. यंत्राच्या प्लगला मीटर लावून पाहिले, तेही ३५० च खात होते. राहिले फक्त तास.

कॉन्सन्ट्रेटरला तासांचा काटा असतो, सर्व्हिसिंगसाठी. तो मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून होता. यंत्र नवे आले त्याला ६० दिवस झाले होते, ९६० तास हवे होते. काट्यावर ६८६ होते. रोज सुमारे साडेचार तास कमी.

आजी पलंगावर बसून माझ्याकडे पाहत होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "सगळे झोपले की बंद करते रे. पहाटे सून उठायच्या आत लावते. त्या रेघेच्या वर रोज माझ्यामुळेच जातं ना?" मग दुसरा प्रश्न, "ऑक्सिजनच्या प्रवाहाचा काटा दोनवरून एकवर आणला तर युनिट वाचतील का?" मी सांगितले की या यंत्राचा कॉम्प्रेसर त्याच गतीने चालतो, वीज वाचत नाही, आणि तो काटा किती ठेवायचा ते डॉक्टरच ठरवतात. त्यांनी मला हे काकांना न सांगण्याची गळ घातली. मी त्याच संध्याकाळी सांगितले. आजींनी तेव्हापासून माझ्याशी पूर्वीसारखे बोलणे ठेवलेले नाही, आणि तरीही मी तेच करीन.

काका बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी तोड काढली: यंत्राला वेगळे मीटर लावू, ती युनिटे तक्त्यात धरायचीच नाहीत. मोजमापाच्या दृष्टीने यात काहीच गैर नव्हते. आजींनी ते ऐकले आणि म्हणाल्या, "एका घरात दुसरं मीटर वाटणी झाल्यावर लावतात. मला वेगळं काढताय का?" तो बेत तिथेच संपला.

शेवटी तक्ता नव्याने आखला. वरची रेघ सव्वादहा युनिटांवर आणि, माझ्या आग्रहाने, खालची साडेनऊवर. त्याखाली आकडा गेला की आधी यंत्राचा तासांचा काटा पाहायचा. वीज गेल्यावर ग्रिडला जोडलेले साधे सौर संच बंद पडतात, म्हणून गच्चीवरील २ किलोवॅट सौर संचाच्या प्रस्तावासोबत यंत्रापुरता इन्व्हर्टरही लिहून दिला. १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी ते यंत्र सुमारे चार तास ओढते.

अलीकडे काकूंनी फोनवर सांगितले की तासांचा हिशेब आता रोज सोळाचा जुळतो. आजी यंत्र रात्रभर ठेवतात ते त्यांना पटले म्हणून, की खालच्या रेघेचा पहारा आहे म्हणून, हे काकूंनाही ठरवता येत नव्हते. पुढच्या भेटीत मी सौर संचासाठी गच्चीवरच्या सावलीचे माप घेणार आहे. तेव्हा आधी आजींच्या खोलीत जाऊन, तो तक्ता भिंतीवर ठेवायचा की उतरवायचा, हे त्यांनाच विचारायचे ठरवले आहे.