लागण तारीख कोण बदलणार? साखर कारखान्याची प्रणाली करतानाचा माझा अनुभव

एका सहीसाठी सबंध पावसाळा गेला. सही हवी होती ती एका प्रश्नाच्या उत्तराखाली: नोंदवलेल्या उसाची लागण तारीख, म्हणजे ऊस लावल्याची तारीख, बदलायचा अधिकार कुणाला? साखर कारखान्यात हा प्रश्न विचारणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक आहे ते इथेच हसले असतील. बाकीच्यांसाठी लिहितो.

कारखाना मराठवाड्यातला, नाव सांगत नाही. मी परभणीचा, संस्थांना संगणक प्रणाली करून देतो. ऊस नोंदीपासून ऊस बिलापर्यंतचा कारभार एका जागी आणायचं काम माझ्याकडे आलं. तोवर तो चार ठिकाणी होता: गट ऑफिसच्या वह्या, शेती विभागाच्या एक्सेल फायली, वजनकाट्यावरचं जुनं सॉफ्टवेअर आणि अकाउंटचं त्याहून जुनं. एकाच शेतकऱ्याला चौघांनी चार कोड दिलेले.

काटा, कपाती, बिलं यात काही अडलं नाही. भरगाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी. सोसायटीची वसुली, बियाण्याची उधारी, बँक खातं. त्या विभागातली माणसं आकड्यांत वाढलेली, विचारलं की सांगतात. अडलं ते त्याच्या खूप आधी, जिथे ऊस अजून शेतातच उभा असतो.

कारखाना ऊस तोडतो तो लागण तारखेच्या क्रमाने. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू हंगामाचा आणि खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला. त्यातही ज्याची तारीख आधीची त्याची पाळी आधी. म्हणजे तारीख ही नुसती नोंद नाही, ती रांगेतली जागा आहे. तोड एक-दीड महिना पुढे गेली की मराठवाड्यात काय होतं ते सांगायला नको. फेब्रुवारीत विहीर तळाला जाते, ऊस वाळतो, वजन घटतं, आणि शेतकरी तोडणी टोळीच्या मुकादमाच्या मागे हात जोडत फिरतो.

एका गट ऑफिसात मी नोंदवही उघडली. लागण तारखेच्या रकान्यात व्हाइटनरचा थर नखाला लागेल इतका जाड. उजेडाकडे धरलं की खालचा ऑगस्ट दिसायचा, वर लिहिलेला जुलै. चिटबॉयला, म्हणजे तिथल्या ऊस नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला, विचारलं तर म्हणाला, ‘शेतकऱ्यानं चुकून सांगितली व्हती, मग नीट केली.’ एका पानावर एवढे जण कसे चुकले, म्हणलं. त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

चहा पिऊन झाल्यावर मात्र तो बोलला, आणि त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते मुख्य कार्यालयातल्या एकाही बैठकीत कळलं नव्हतं. जळीत ऊस लगेच तोडावाच लागतो, तो क्रमाने थांबत नाही. कुणाची विहीर आटलेली असते. कुणाचं रान ओढ्यापलीकडे, आणि वाटेतल्या शेतात एकदा गहू पेरला की ट्रॅक्टर आत जात नाही. कुणाच्या घरी लग्न. आणि काहींच्या मागे फोन. यातली पहिली तीन कारणं अगदी रास्त, चौथ्यावर वाद घाला, पाचव्यावर घालायचं कारण नाही. पण वहीत कारणाला रकानाच नव्हता. म्हणून रास्त असो की वशिल्याचं, प्रत्येक काम तारीख खोडूनच व्हायचं. अशा नोंदींवर रिपोर्ट काढला तर कोणत्या गटात ऊस कधी लागला हेसुद्धा खरं कळत नाही, मग रोजचं गाळप कशाच्या जोरावर ठरवणार?

मी मांडणी केली ती अशी. शेतावर पाहणी झाली की लागण तारखेला कुलूप. पाळी बदलायची तर ‘क्रमबदल’ अशी वेगळी नोंद: कुठला प्लॉट, काय कारण, शिफारस कुणाची, मंजुरी कुणाची. मूळ तारीख जिथल्या तिथे. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणीतरी ‘उत्तम’ही म्हणालं.

मग सुरू झाली सहीची वारी.

मुख्य शेतकी अधिकारी म्हणाले, हा संगणक विभागाचा विषय. संगणक विभाग म्हणाला, आम्ही बटण देतो, ते कुणी दाबायचं ते शेतीने ठरवावं. कार्यकारी संचालकांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर मी इतका बसलो की तिथला शिपाई मला घरचंच माणूस समजायला लागला. आत गेल्यावर उत्तर मिळालं, ‘मंडळापुढे ठेवू.’ संचालक मंडळाच्या सभेत विषय शेवटचा होता आणि त्याच्या आधी जेवण आलं. पुढच्या सभेपर्यंत तहकूब. मध्ये गणपती, मग पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कारखान्यात नवीन कशावर सही होत नाही हे लक्षात ठेवून वेळापत्रक करा.

अखेर माझं पत्रक खाली आलं. मंजुरीच्या चौकटीत हिरव्या शाईने एकच शब्द: ‘पाहिले’. खाली आद्याक्षरं. मंजूर नाही, नामंजूर नाही. उद्या काही झालं तर पाहिलं होतं एवढंच. त्या कागदाचा मला आजही राग येतो.

खरी अडचण कुठे आहे ते एका संचालकांनी जिन्यात सांगितलं, अगदी प्रेमाने. ‘तुमचं समदं बरोबर हाय. पर शिफारशीच्या जागी नाव दिसायलाच पायजे का?’

नाव नको असेल तर वही काय वाईट होती? पण हे तोंडावर म्हणून उपयोग नसतो.

मी तत्त्वावर मंजुरी मागणं सोडून दिलं. मागच्या हंगामातल्या बदललेल्या नोंदी घेतल्या, शेतकऱ्यांची आणि गावांची नावं काढली, फक्त कारणं ठेवली आणि त्यांचा एक निर्णय तक्ता छापला. एका बाजूला कारण, दुसऱ्या बाजूला मंजुरी कुणाची. जळीत: शेतकी अधिकारी, त्याच दिवशी. पाणी संपलं: गट ऑफिसची पाहणी, मग शेतकी अधिकारी. रस्ता बंद होणार: तेच. लग्न: पाळी बदलणार नाही. शेवटची ओळ ‘इतर कारण’, आणि तिच्यासमोर मुद्दाम एकच पद लिहिलं: कार्यकारी संचालक.

कार्यकारी संचालक साहेबांनी तक्ता वरून खाली वाचला. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. हंगामात येणारा प्रत्येक फोन आता थेट त्यांच्या टेबलावर येणार, हे त्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. त्यांनी ‘इतर’ ही ओळ स्वतःच्या हाताने खोडली, बाजूला सही केली आणि खाली पूर्ण सही करून तारीख टाकली. मोळी पूजनाला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, तेव्हा थोडेच दिवस उरले होते. त्या दिवशी मी परभणीपर्यंत एसटीत उभा आलो, तरी पाय दुखले नाहीत.

‘इतर’ गेल्यावर झालं असं, की पहिल्याच महिन्यात अख्ख्या कार्यक्षेत्रातल्या विहिरी आटल्या! मग त्या कारणाला विहिरीचा फोटो सक्तीचा केला, मोबाइलने जागेवर काढलेला. पाणी लगेच परत आलं.

आता जे आठवेल ते सांगतो. आकृत्या साध्या ठेवा. माहिती कुठून कुठे जाते ते दाखवणारी डेटा फ्लोची आकृती १९७० च्या दशकातली आणि नोंदींमधली नाती दाखवणारी पीटर चेन यांची एंटिटी-रिलेशनशिप मांडणी १९७६ ची आहे म्हणून नाकं मुरडू नका. शेतकी अधिकाऱ्यापुढे बीपीएमएनची, म्हणजे कामाचे टप्पे दाखवायच्या नव्या पद्धतीची, चिन्हं ठेवली की ते चहा मागवतात. खोकी आणि बाण ठेवले की पेन मागतात आणि तुमचा बाण खोडतात. तो खोडलेला बाण जपून ठेवा.

शेतकऱ्याच्या नावावर काही बांधू नका. एका गावात एकाच नावाचे तिघे निघतात, भाऊबंदकीत एकाच गट नंबरचे चार तुकडे असतात आणि सातबारावर अजून आजोबाच. नोंद प्लॉटला द्या: गाव, गट नंबर, पोटहिस्सा, हंगाम. एका शेतकऱ्याचे अनेक प्लॉट, एका प्लॉटच्या अनेक तोडणी स्लिपा, एका स्लिपचं एक वजन. हे नातं पक्कं झालं की बिल आपोआप जुळतं.

एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायचे १४ दिवस ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मध्येच आहेत आणि उशिरावर वार्षिक १५ टक्के व्याज आहे. बिल पंधरवड्याचं निघत असलं तरी दिवस ऊस कारखान्यात पोचल्यापासून मोजायचे, म्हणून ती तारीख प्रत्येक स्लिपवर हवी. हप्त्यांची संख्या कोडमध्ये तर मुळीच लिहू नका, तक्त्यात ठेवा. राज्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा निर्णय काढला, मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. असल्या बदलासाठी दर वेळी प्रोग्रामरला उठवायचं का?

मुख्य कार्यालयात बसण्याआधी गट ऑफिसात बसा, तेही हंगाम संपता संपता. तेव्हा वह्या भरलेल्या असतात आणि माणसं मोकळी.

आणि करारात पैशांचे टप्पे ठरवताना ‘अधिकार मंजूर झाल्यावर’ असा टप्पा कधीच घालू नका. ‘निर्णय तक्ता सादर केल्यावर’ असं लिहा. सादर करणं आपल्या हातात असतं, मंजुरी नाही. माझ्या पुढच्या करारात, जिंतूरकडच्या एका जिनिंगसाठी, पहिली ओळ तीच आहे.