जर्मनीतला किराणा: एका दुकानाशी इमान नको

जर्मनीला निघालेल्या सोलापूरकराचा पहिला प्रश्न ठरलेला: तिथे ज्वारीचं पीठ मिळतं का? मिळतं, भारतीय दुकानात. पण ते कधी दळलंय ते कळत नाही आणि जुन्या पिठाची भाकरी थापताना कडेनं चिरत जाते. ज्वारीत ग्लुटेन मुळातच नाही, पीठ शिळं झालं की उरलासुरला चिकटपणाही जातो. अशा वेळी निम्मं पीठ उकळत्या पाण्यात कालवून दहा मिनिटं झाकून ठेवायचं, मग बाकीचं घालून चांगलं मळायचं. भाकरी जमते. आपल्या मालदांडी ज्वारीची चव येत नाही, ते सोडून द्यायचं.

गावाकडे महिन्याची यादी एकाच दुकानात टाकायची सवय असते. शेठ ओळखीचा, वही त्याच्याकडे, डाळ खराब निघाली तर बदलून देणार. इथे तशी एकनिष्ठा खिशाला परवडत नाही. दूध, दही, साखर, तेल, कांदे-बटाटे आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटमधून घ्यावेत. कोथिंबीर, हिरवी मिरची, भेंडी, मसूर, छोले तुर्की दुकानातून. सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीच्या चार काड्या प्लास्टिकात गुंडाळून ठेवतात, तुर्की दुकानात जुडी मिळते, आपल्या मंगळवार बाजारातल्यासारखी. तूरडाळ, पोहे आणि कच्चे शेंगदाणे भारतीय दुकानातूनच. सुपरमार्केटमधले दाणे बहुतेक भाजून खारवलेले असतात. त्यांची चटणी कुटली की मिठाचा अंदाज पार बिघडतो.

चपातीला साधं गव्हाचं पीठ म्हणून ‘टाइप ४०५’ उचलू नका, तो मैदा. चपाती रबरासारखी ओढली जाते. ‘टाइप १०५०’ बरं पडतं, नाहीतर सरळ आट्याची मोठी पिशवी आणा.

भाव बघताना मोठा आकडा सोडा, त्याखाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा भाव छापलेला असतो, तो वाचा. ऑफरचं छोटं पाकीट कितीदा तरी शेजारच्या साध्या मोठ्या पाकिटापेक्षा किलोमागे महाग निघतं. रेवे, एडेका या मोठ्या सुपरमार्केटांचे स्वतःचे स्वस्त ब्रँडही बघावेत: रेवेचा ‘या!’, एडेकाचा ‘गुट उंड ग्युन्स्टिग’. साखर-मिठात जास्तीचे पैसे मोजण्यासारखं काही नसतं.

आता कार्डांचं. पेबॅक नावाचं पॉइंटांचं कार्ड बरीच वर्षं रेवेत चालायचं. २०२४ संपताना रेवे त्यातून बाहेर पडलं, स्वतःचं बोनस ॲप घेऊन आलं, आणि जानेवारी २०२५ पासून तेच पेबॅक एडेकाकडे गेलं. कार्डाच्या मागे दुकान बदलणाऱ्यांची तेव्हा चांगलीच पळापळ झाली. हिशेब मात्र करून बघावा. एक पॉइंट म्हणजे एक सेंट, आणि साधारण दोन युरोंच्या खरेदीला एक पॉइंट. शंभर युरोंमागे पन्नास सेंट! तेवढ्यासाठी लांबचं दुकान गाठलं तर ट्रामच्या तिकिटातच फायदा संपतो. ॲपमधली कूपनं मात्र कामाची, फक्त दुकानात शिरण्याआधी ती चालू करायची. बिल झाल्यावर आठवून काही उपयोग नाही.

बिलाच्या पट्ट्यावर आपला माल आणि पुढच्याचा माल यांच्यामध्ये दांडी ठेवायची. काउंटरवरची बाई बसूनच इतक्या वेगानं माल सरकवते की पिशवी भरायला सवडच नसते. सगळं ट्रॉलीत परत टाका, बाजूच्या फळीपाशी जाऊन निवांत भरा. पिशवी घरून न्यायची.

पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत घेतात, तिला फांड म्हणतात. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की ती परत मिळते. बाटली चेपायची नाही, बारकोड फाटू द्यायचा नाही, नाहीतर मशीन ती परत बाहेर ढकलतं. मशीनमधून निघालेली पावती काउंटरवर द्यायची. लोक ती खिशात विसरतात आणि पँटसोबत धुतात. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांवरची काही सोडून. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी जी गर्दी उसळते, ती सोलापूरच्या लक्ष्मी मंडईला लाजवेल.

सामान बांधताना एक लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप घरीच. ताजा कढीपत्ताही नको, त्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. तूप इथे कढवा. २५० ग्रॅम लोण्याचं साधारण २०० ग्रॅम होतं. पाकिटावर ‘झाउअरराम’ लिहिलेलं लोणी घेतलं तर ते विरजलेल्या सायीचं असतं, वासही घरच्या तुपाच्या जवळ जातो. वाचलेल्या वजनात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरा. चटणीला दोन पिशव्या, वरून एक घट्ट झाकणाचा डबा. तेल सुटून कपड्यांना लागलं की धुऊनही वास जात नाही.