कुंडीतली पानं, टीपकागद आणि आमच्या बरण्या

पानं दाबून वाळवणं हे माझं नोकरीतलं काम होतं. कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होते. सहलीहून मुलांनी आणलेल्या फांद्या वाळवायच्या, ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर बसवायच्या आणि खाली लेबल लावायचं. निवृत्त झाल्यावर त्याच पद्धतीनं मी घरातल्या बरण्या, पाट आणि दिवाळीचा आकाशकंदील सजवते. पानंफुलं सगळी आमच्या पुण्यातल्या गॅलरीतली, एकही विकतचं नाही.

शेजारच्या मुली विचारतात, "काकू, आमची फुलं काळी का पडतात?" ओल रेंगाळते म्हणून. पान जितकं पटकन सुकेल तितका रंग राहतो. जाड पुस्तकात फूल ठेवून विसरून जायची आपल्या सगळ्यांची सवय आहे. पिंपळाच्या पानाला ती चालते, गोकर्णाला नाही. प्रयोगशाळेत आम्ही पहिले काही दिवस रोज कागद बदलायचो, आणि रंग टिकतो तो तिथेच. घरी मी प्लायवूडच्या दोन फळ्या घेते, मध्ये रद्दी आणि टीपकागदाचे थर, बाहेरून घट्ट पट्टा. सकाळी दव वाळल्यावर खुडायचं, कुंडीला पाणी घातल्या घातल्या नाही. पहिला कागद त्याच संध्याकाळी बदलायचा, कारण सगळ्यात जास्त पाणी तोच पितो. मासिकांचा गुळगुळीत कागद काही कामाचा नाही, त्यात ओल शिरतच नाही.

कुंडीतलं सगळंच दाबण्याजोगं नसतं. माझा सगळ्यात लाडका हंसराज नावाचा नेचा (फर्न). त्याची पानं मुळात कागदाइतकी पातळ, दोन-तीन दिवसांत वाळतात, आणि देठाचा तो चकचकीत काळा रंग जशाच्या तसा राहतो. टांगत्या कुंडीतला नेचाही छान दाबला जातो, पण कोवळंच पान घ्यावं. जून पानाच्या मागे बीजाणूंचे तपकिरी ठिपके असतात, त्यांची पूड कागदावर सांडून डाग पडतात. जांभळी ऑक्झॅलिस दिवसा खुडायची. संध्याकाळ झाली की ती पानं मिटून घेते, मग उलगडताना फाटते. बोगनवेलीचं ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं, खरं फूल मधली बारीक पांढरी नळी. ती नळी काढून टाकली की उरतो तो जवळपास कागदच. गोकर्णाचा निळा रंग पटकन वाळवला तर सुरेख राहतो. झेंडूच्या पाकळ्यांचा पिवळाही फार दगा देत नाही.

जास्वंद मात्र मी दाबत नाही. तिच्या पाकळीत चिकट द्रव असतो, ती कागदाला घट्ट धरून बसते आणि लालाचा काळपट जांभळा होतो. मोगराही नाही, त्याचा पांढरा रंग तपकिरीकडे जातो. आणि पानफुटी तर वाळतच नाही! पुस्तकात ठेवा, कडेच्या खाचांतून तिला नवी रोपं फुटतात. ते बघायला नातवंडांना द्यावं, बरणीवर लावायला नाही.

बरणीवर लावायची पद्धत सोपी आहे. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून मऊ ब्रशनं काचेवर पातळ थर द्यायचा. चिमट्यानं पान ठेवायचं, वर टिश्यू पेपरचा एकच पापुद्रा, त्यावर पुन्हा तेच फेव्हिकॉलचं पाणी. ओलं असताना सगळं दुधट दिसतं, वाळलं की टिश्यू दिसेनासा होतो आणि पानाची शीर न् शीर दिसते. पूर्ण वाळल्यावर वार्निशचा एक हात द्यायचा. तरीही ही बरणी नळाखाली धुवायची नाही, नुसती ओल्या फडक्यानं पुसायची. म्हणून मी पोहे-रव्याच्या बरण्या सजवते, तेलातुपाच्या नाही. भाऊबीजेच्या पाटाला फक्त कडेनं नेच्याची झालर करते, कारण मधोमध माणूस बसणार.

आकाशकंदिलासाठी मी हातकागद वापरते. पुण्यात १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथला कागद हातात घेतला की त्यातले धागे बोटांना लागतात. दोन पातळ कागदांमध्ये हंसराज आणि गोकर्ण बसवायचे आणि आत कमी तापणारा एलईडी दिवा. उजेड मागून आला की दिवसा न दिसणाऱ्या बारीक शिरा दिसायला लागतात. हे एकदा स्वतः करून बघाच. बाजारातला झगमगता कंदील आणून टांगणारी मी नाही राहिले त्यानंतर.

मात्र त्यासाठी तयारी उन्हाळ्यात करावी लागते. आषाढ-श्रावणात हवेतच इतकी ओल असते की कागद कितीही बदलला तरी बुरशी येते. फाल्गुन-चैत्रात, पुण्याची हवा कोरडी असते तेव्हा, मी पानं दाबून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंब.

आणखी एक, उन्हाचं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय १९५५ पासून आहे. तिथल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, नमुने बंद कपाटात, अंधारात ठेवतात, तरी जुन्या पानांचा रंग तपकिरी होतोच. आकार आणि शिरांची जाळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मग पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेल्या बरणीवरचा गोकर्ण किती टिकेल? माझ्या बरण्या स्वयंपाकघरात ओट्याच्या आतल्या बाजूच्या फळीवर असतात, ऊन पोचत नाही अशा. निळा फिका पडला तरी खालचं फूल बदलता येत नाही, कारण ओल्या फडक्यानं वार्निश निघत नाही, म्हणून त्या बरणीवर फिक्या निळ्याशेजारी हंसराजाची एक काळ्या देठाची काडी वाढवते आणि पुन्हा वार्निश लावते.