शाफ्टचा बाक

नांगर न उचलताच बांधाकडेला ट्रॅक्टर वळवला, त्यात चेक चेन (नांगराला आडवं झुलू न देणाऱ्या साखळ्या) ढिल्या, की लोअर लिंक, म्हणजे नांगर ओढणारा ट्रॅक्टरमागचा खालचा दांडा, वाकलीच म्हणून समजा. ती बिचारी ओढ सोसायला केलेली. आडवा धक्का तिच्या हिशेबात नसतो. रोटाव्हेटरचंही तेच. पात्यांखाली मोठा धोंडा आला, की शाफ्टला बाक येतो. मग शेतावरचा ठरलेला उपाय: दगडावर ठेवा आणि घण घाला. घणाने एक पोक बसतं, शेजारी दुसरं उठतं, आणि नागमोडी झालेला शाफ्ट शेवटी लेथवाल्याकडे येतो.

जाणता लेथवाला आधी मोजतो. शाफ्ट लगेच लेथच्या टोकदार सेंटरमध्ये धरत नाही, कारण टोकांनी मार खाल्लेला असला तर टोकावरचं सेंटरचं भोकच जागेवर नसतं आणि डायल, म्हणजे बाक मोजायचं काट्याचं घड्याळ, खोटं बोलतो. बेअरिंग बसते ती जागा व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) टेकवायची, शाफ्ट हाताने सावकाश फिरवायचा आणि दर 100 मिमीवर डायलचा काटा किती हलला ते खडूने शाफ्टवरच लिहायचं. एका फेरीत काटा 2 मिमी हलला, तर बाक 1 मिमीचा. हे निम्म्याचं गणित चुकलं, की बाक उलट्या बाजूला गेलाच.

मग प्रेस, म्हणजे दाबयंत्र. पोक वर, दोन्हीकडे आधार, दट्ट्याखाली पितळेचा तुकडा; तो नसला तर शाफ्टला खळगा पडतो. आधार फार जवळ घेतले तर बाक पसरत जाऊन निघत नाही, तिथेच कोपरा धरतो. खरी परीक्षा पुढे. दाबाखाली सरळ दिसणारा शाफ्ट दाब सोडला की थोडा मागे येतो, पोलाद ते, लवचीक. म्हणून सरळ रेषेच्या जरा पलीकडे जायचं. किती, ते हाताला कळतं: थोडं दाबा, सोडा, डायल बघा, पुन्हा थोडं. एका दणक्यात सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे शाफ्ट ठेवूच नये.

गॅसने तापवायचा मोह तर फार वाईट. शाफ्ट लालभडक केला की वाकतो मेणासारखा, पण पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाची कडकी उतरते आणि पुढच्या हंगामात तो तिथेच वाकतो. लाल शाफ्टवर बादलीभर पाणी ओतलं तर उलटं: ठिसूळ होतो, चिरतोही. स्टब ॲक्सल (पुढचं चाक बसतं तो आस) आणि टाय रॉड (पुढची चाकं एकत्र वळवणारा दांडा) मात्र सरळ करायच्या भानगडीत पडू नये, स्टिअरिंग त्यांच्यावर आहे. नवे टाकावेत.

शाफ्ट सरळ झाल्यावरही एक काम उरतं, आणि घाईत तेच राहतं. वाकलेल्या जागी रॉकेल लावायचं, थोडं मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली बारीक रेघ उमटते. रेघ दिसली, की डायल काहीही म्हणो, शाफ्ट भंगारात.