‘लागेल कधीतरी’

घर बदलायचे म्हटले की लोक सामानाच्या ओझ्याविषयी बोलतात, क्वचित कोणी धुळीविषयी. मनाविषयी बोलणे होते ते नव्या घरात स्थिरस्थावर झाल्यावर, तेही ओझरते. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील उलथापालथींची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यातील ४३ प्रसंगांत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत आणि राहते घर बदलण्याला अवघे २०. घर बदलणे हा आयुष्यातील सर्वांत मोठ्या ताणांपैकी एक असल्याचे जे सर्रास सांगितले जाते, त्याला निदान या मोजपट्टीत आधार नाही. माझ्या मते हे २० गुण जागा बदलण्याचे आहेत. कपाटे रिकामी करण्याचे त्यात धरलेलेच नाहीत.

एरवी वस्तू घरात ठेवण्यासाठी काही ठरवावे लागत नाही, ती असते म्हणून असते. घर सोडताना मात्र प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिच्याविषयी हो किंवा नाही म्हणावे लागते, आणि हे इतक्या वेळा करावे लागते की दिवस मावळेपर्यंत माणूस एक तर सगळेच फेकायला निघतो किंवा काहीही न बघता सगळेच खोक्यांत भरतो. त्यात, एकदा आपली झाली की वस्तूचे मोल आपल्या नजरेत आपोआप वाढते. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे कप दिले होते. ते विकण्यासाठी या विद्यार्थ्यांनी मागितलेली किंमत, कप न मिळालेले विद्यार्थी देऊ करत असलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक भरली. कप हाती येऊन फारसा वेळही झाला नव्हता. वर्षानुवर्षे उशाशी असलेल्या दिव्याचे काय होत असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मात्र एखादी वस्तू टाकवत नाही म्हणजे तिच्यात आठवण अडकली आहे, असे आपण फार पटकन धरून चालतो. आठवणींच्या वस्तूंचे काम त्या मानाने सोपे असते, कारण जुनी पत्रे ठेवायची हे ती हातात येताक्षणीच ठरलेले असते आणि त्यावर कोणी वादही घालत नाही. जड जातात त्या मनात योजलेल्या आणि राहून गेलेल्या बेतांच्या वस्तू. माझ्या कपाटाच्या तळाशी अर्धवट विणलेला एक स्वेटर निघाला. सुया टाक्यांत तशाच अडकलेल्या होत्या, लोकरीच्या शेवटच्या गुंड्यावरचे कागदी वेष्टन शाबूत होते आणि नमुन्याच्या कागदावर एकेक ओळ पूर्ण झाल्याच्या पेन्सिलच्या खुणा बाहीपर्यंत येऊन थांबल्या होत्या. ज्या लहान मुलासाठी तो विणायला घेतला होता, त्याला तो आता येणार नाही हे मापावरूनच कळत होते. तरीही तो देऊन टाकायचे जिवावर आले, आणि ते लोकरीपायी खचितच नव्हते. निवांत बसून विणकाम पुरे करणारी जी बाई मी होणार होते, ती आता होणार नाही, हे मला स्वतःशी कबूल करावे लागत होते. तारा गंजलेली गिटार, दोनच धडे सोडवलेले परक्या भाषेचे पुस्तक, वजन उतरल्यावर घालायचे म्हणून जपलेले कपडे, या सगळ्यांचे दुखणे हेच असते. ‘लागेल कधीतरी’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात गरजेचा अंदाज थोडा असतो आणि आशाच पुष्कळ असते.

गेलेल्या माणसाच्या वस्तूंची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठात, वसतिगृह सोडणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘जिव्हाळ्याच्या वस्तूचा फोटो काढून ठेवा आणि मग ती दान करा’ असे सुचवले, तेव्हा नुसते दानाचे आवाहन केले होते तेथल्यापेक्षा अधिक वस्तू जमा झाल्या. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेतल्या ढाली आणि मुलांची मोठाली चित्रे यांना हा उपाय उत्तम लागू पडतो. आईच्या शालीला मी तो सुचवणार नाही, कारण शालीचा वास फोटोत उतरत नाही, आणि बांधाबांधीच्या धांदलीत असले निर्णय घेण्याची घाईही नसते. चार जास्तीची खोकी नव्या घरात गेली तर बिघडत नाही.

बिघडते ते एकाने दुसऱ्याची अडगळ ठरवली की. नवऱ्याला माझी मासिके पसारा वाटतात आणि मला त्याच्या निकामी वायरी, यात नवल काहीच नाही. पण ‘याचे काय करायचे आहे तुला?’ हा प्रश्न दमलेल्या आवाजात विचारला गेला की त्याचे उत्तर वस्तूविषयी राहत नाही, भांडण वायरीवरून सुरू होऊन भलत्याच ठिकाणी पोहोचते. म्हणून आम्ही आपापले कपाट आपणच उपसायचे ठरवले आणि ज्याचा निर्णय होत नाही त्यासाठी प्रत्येकी एकच खोके मंजूर केले. त्यात काय भरले आहे हे दुसऱ्याने विचारायचे नाही, फक्त झाकण लागले पाहिजे. माझ्या खोक्यात स्वेटर नाही, सुया मात्र आहेत, आणि कुलपे केव्हाच हरवलेल्या किल्ल्यांचा एक जुडगाही आहे, ज्याचे समर्थन मला अजून सुचलेले नाही.