1996 ची डब्ल्यू 124: सीटच्या चामड्याचं काम, ड्रायव्हरची बाजू पूर्ण

गाडी मर्सिडीज ई 220; डब्ल्यू 124 हे कंपनीचं या मॉडेलचं सांकेतिक नाव. या मॉडेलची जोडणी 1995 पासून पिंपरीत टेल्कोच्या कारखान्यात होत होती, त्यातलीच ही. सीट फिकट बदामी. ड्रायव्हरची सीट पूर्ण झाली आहे, शेजारची साफ होऊन रंगासाठी थांबली आहे, मागची सुटी करून ठेवली आहे.

क्लीनरची बाटली उघडण्याआधी चामडं नेमकं कुठे आहे ते बघून घ्या. लेदर सीटच्या डब्ल्यू 124 मध्येही बसायच्या भागापुरतंच चामडं असतं. सीटची पाठ, बाजूच्या पट्ट्या आणि दारं बहुतेक वेळा एमबी-टेक्स, म्हणजे रेक्झिनच. सीटच्या खालून कड उलटी करून पाहा: मऊ, केसाळ तंतू दिसले तर चामडं, कापडाची वीण दिसली तर रेक्झिन. रेक्झिनला कंडिशनर (चामडं लवचिक ठेवणारं क्रीम) लावून काही होत नाही, नुसता चिकटपणा येतो.

दुसरी तपासणी पाण्याच्या थेंबाची. थेंब तसाच उभा राहिला तर वरचा रंगाचा थर शाबूत आहे. मुरून काळा डाग पडला तर तिथला थर गेलाय. या सीटवर थेंब सगळीकडे उभा राहिला, फक्त दाराकडच्या उंचवट्यावर चार बोटं रुंद पट्ट्यात लगेच मुरला. चढता-उतरताना घासण्याची जागा तीच.

सफाईला सर्वात जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा. पंचवीस-तीस वर्षांच्या सीटवरची चकाकी ही चामड्याची नसते. घाम, अंगाचं तेल आणि जुन्या पॉलिशचा तो थर असतो. नवं चामडं मॅट दिसतं. आधी शिवणी फाकवून व्हॅक्युम केला, कारण तिथली वाळू ओल्या ब्रशखाली पॉलिश पेपरसारखी घासते. मग पीएच 5 च्या आसपासचा लेदर क्लीनर. क्रोमने कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं. कपड्यांची पावडर किंवा 9-10 पीएचचं, म्हणजे अल्कधर्मी, क्लीनर वापरलं की वरचा थर नरम पडतो आणि आतले तंतू हळूहळू ताठरतात. क्लीनर सीटवर ओतायचा नाही, मऊ ब्रशवर फेस करून घ्यायचा. एका वेळी फूटभर चौकोन, दाब न देता गोल हात, फेस काळपट झाला की वाळायच्या आत ओलसर मायक्रोफायबरने उचलायचा. उंचवट्यावर हे पाच वेळा करावं लागलं, मधल्या भागात दोनदाच. एका सीटला क्लीनर 40 मिली लागला.

फडक्याकडे सतत लक्ष हवं. काळपट-तपकिरी येतंय तोवर मळ आहे. स्वच्छ बदामी रंग उतरू लागला की हात थांबवा, तो सीटचा रंग आहे. मेलामाइनच्या पांढऱ्या स्पंजने मळ झटकन निघतो खरा, पण तो घासूनच काढतो. जीन्सच्या निळ्या डागापलीकडे तो वापरू नये.

मळ गेल्यावर भेगा नीट दिसल्या, आणि त्यांचं कारण चामड्यात नव्हतंच. या सीटमध्ये स्प्रिंगवर घोड्याच्या केसांची रबर लावलेली गादी असते. ती कुजून सीटखाली तपकिरी भुकटी सांडली होती. गादी बसली की चामडं सैल पडतं, प्रत्येक वेळी त्याच घडीत मोडतं आणि तिथेच फाटतं. कितीही महाग कंडिशनर यावर चालत नाही. आधी गादी बदलली, चामडं ताणून बसवलं, मगच फिलर, म्हणजे भेगा भरायची पेस्ट.

फिलरच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने भेगा पुसल्या. इथे जुन्या तेलाने घात केला. कधीतरी लावलेलं खोबरेल भेगांत मुरलं होतं आणि पहिला फिलर सालासारखा निघून आला. तीनदा पुसून, रात्रभर वाळवून पुन्हा भरला: पातळ चार हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर 600 नंबरचा पॉलिश पेपर हलकेच. एकदम जाड भरला तर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि बसलं की तडकतो. सिलिकॉनवाल्या डॅशबोर्ड पॉलिशचीही हीच गत: त्यावर रंग पसरत नाही, खळगे पडतात.

रंगाचा पहिला हात स्पंजने टिपून, पुढचे चार एअरब्रशने धुक्यासारखे. हार्डनर (रंग पक्का करणारं रसायन) त्या दिवशी लागेल तेवढ्याच रंगात मिसळा, उरलेला फुकट जातो. वर मॅट टॉपकोट, आणि आठवडाभर सीटवर कुणी बसायचं नाही.

कंडिशनर शेवटी, तोही 10 मिली. थर शाबूत असलेल्या चामड्यात तो फारसा मुरत नाही. पृष्ठभाग लवचिक राहावा आणि घासणं कमी व्हावं इतकंच त्याचं काम. दहा मिनिटांनी उरलेला पुसून काढला. जास्त लावलं तर धूळ धरते, आणि पावसाळ्यात बुरशीला खाद्य मिळतं.

मागच्या सीटवर ती बुरशी आहेच, शिवणींच्या कडेने पांढरी. सीट गाडीबाहेर नेऊन, मास्क लावून, 70 टक्के अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसायची. थेट फवारलं तर रंगही उतरतो. सावलीत, पंख्याखाली वाळवायची. पाठीची वरची कड मागच्या काचेतल्या उन्हाने फिकी पडली आहे, म्हणून रंग जुळवताना नमुना तिथला घेतला नाही, हेडरेस्टखालच्या झाकलेल्या भागातला घेतला. तिन्ही सीटना पुरेल असा 250 मिली रंग एकाच वेळी मिसळून, हार्डनरशिवाय, बंद बाटलीत ठेवला आहे.